खंडेनवमीला पॅराशूट कोण बांधणार?

पहिल्या फेरीतले सगळे धडधाकट खाली उतरले. आपापलं पॅराशूट कवळ्यात गोळा करून हँगरमध्ये आले, सतरंजीवर टाकलं आणि चहाकडे वळले. हे रोजचंच. रोज त्यांची पाठ वळायच्या आत आमच्या पॅकर बायका त्या ढिगांवर तुटून पडतात. त्या दिवशी मात्र ढीग तसेच पडून राहिले. चारही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून, हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर पाट. पाटावर लाल कापड, आणि कापडावर आमची झाडून सगळी अवजारं. सुया, चिमटे, नाड्या, रबरबँडची बरणी, वाळूच्या पिशव्या. प्रत्येकाला हळद-कुंकू आणि प्रत्येकावर एक झेंडू.

मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

“मेजर, आज खंडेनवमी हाय,” त्यांच्यातल्या सुमनताई म्हणाल्या. “हत्याराला हात लावायचा न्हाई.”

आता मी मेजर नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या कुंभार पिंपळगावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, आणि ही पदवी माझ्यामागे जालन्यापर्यंत आली. क्लबचे मालक खरेखुरे कॅप्टन आहेत, निवृत्त वैमानिक, पुण्याचे. चार लोकांत कोणी मला ‘मेजर’ अशी हाक मारली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून मी कोणाला दुरुस्त करत नाही.

माझं काम पॅराशूट रिगरचं. अंबड रस्त्याच्या बाजूला एक धावपट्टी आहे, तिथून आमचं छोटं विमान हौशी लोकांना वर नेतं आणि दार उघडून सोडून देतं. त्यांनी सावकाश खाली यावं ही जबाबदारी माझी. प्रत्येकाच्या पाठीवर एकाच पिशवीत दोन पॅराशूटं असतात. एक मुख्य, रोजच्या वापराचं. दुसरं रिझर्व्ह, म्हणजे पहिल्याने दगा दिला तर. रिझर्व्हची घडी फक्त रिगर घालतो, त्यावर सील लावतो, आणि देवाच्या कृपेने ते बहुधा तसंच बंद राहतं. मुख्य पॅराशूट मात्र प्रत्येक उडीनंतर नव्याने बांधावं लागतं. ते उडी मारणाऱ्याने स्वतः बांधावं, नाहीतर पैसे देऊन पॅकरकडून बांधून घ्यावं.

आमच्याकडे जवळपास सगळे पैसे देतात. कारण साधं आहे. एका मोठ्या खोलीला पुरेल एवढं निसरडं नायलॉन शाळेच्या दप्तराएवढ्या पिशवीत कोंबायचं, आणि कोंबायचं असं की वर हवेत ते शहाण्यासारखं उलगडलं पाहिजे. सुमनताई चहा निवायच्या आत हे करतात. त्या आधी एका मंडपवाल्याकडे होत्या. मैदानभर कनाती गुंडाळणाऱ्या बाईला पॅराशूट म्हणजे रुमाल. मी स्वतः तीस वर्षं घड्या घालतोय. घरी मात्र मला साडीची घडी घालायची परवानगी नाही. बायको म्हणते, तुम्ही घडी घातलेलं पातळ झटकलं की एकदम उघडतं आणि डोळ्याला लागतं.

तर खंडेनवमी. एरवी आमचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो, म्हणून हा प्रसंग आधी कधी आलाच नव्हता. यंदा पाऊस लवकर आटोपला, आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि कॅप्टनसाहेबांनी दसऱ्याच्या सुट्ट्या बघून बुकिंग घेऊन टाकलं. पंचांग कोणी बघितलं नाही. या दिवशी सुतार रंधा पूजतो, शेतकरी नांगर पूजतो आणि दिवसभर त्याला काम देत नाही. सुमनताईंनी आदल्या संध्याकाळी पहिल्या फेरीपुरती पॅराशूटं बांधून ठेवली होती. त्यांच्या हिशेबाने त्यांनी क्लबवर उपकारच केले होते.

कॅप्टनसाहेब तरातरा आले. त्यांनी पाट पाहिला, बायका पाहिल्या, ढीग पाहिले. आधी गोड बोलले, मग दुप्पट दर बोलले. शेवटी त्यांनी चौघींतल्या रुखसानाकडे मोर्चा वळवला. तिचा काय संबंध खंडेनवमीशी, असा त्यांचा सवाल. रुखसाना म्हणाली, औजार माझंबी हाय साहेब, मलाबी त्याचंच खायचंय. साहेब माझ्याकडे वळले. “मेजर, यू हँडल इट. तुम्ही रिगर आहात, तुम्ही बांधा.”

मी वाकलो. सुमनताईंनी नुसती हनुवटी हलवून पाट दाखवला. माझा खास चिमटा, फौजेतून बरोबर आणलेला, कुंकू लावून मधोमध विराजमान होता.

“तुमचंबी हत्यारच की. रुसलं तर? सुताराचा रंधा रुसला तर फळी वाकडी व्हती. आपलं रुसलं तर काय व्हतं, ते तुमी सांगा साहेबाला.”

मी सरळ उभा राहिलो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. खरं सांगायचं तर मला आता मजा यायला लागली होती.

मग ही पॅराशूटं बांधायची कोणी, असं साहेबांनी विचारलं. सुमनताईंचा निकाल तयार होता. ज्यांना उडायचंय त्यांनी. त्यांचं हे हत्यार थोडंच आहे, त्यांचं हत्यार कंप्युटर. आज त्याला हात लावू नका म्हणावं.

उड्या मारायला आलेली पुण्याची आयटीवाली पोरं चहाचे कप हातात घेऊन हे ऐकत होती. सगळ्यांकडे लायसन्स होतं, म्हणजे कधीतरी प्रत्येकाने पॅकिंग शिकून दाखवलेलं होतं. आता ती सतरंजीवर ओणवी होऊन एकमेकांना विचारू लागली. एकाने मोबाइलवर व्हिडिओ लावला, तर सुमनताईंनी हटकलं की मघाशी काय सांगितलं, ते हत्यारच झालं. पिशवी बंद करताना एक नाडी लागते. पिशवीच्या छिद्रांतून दोरीचा फास वर ओढून घ्यायला. नाड्या सगळ्या पाटावर. शेवटी एकाने आपल्या ट्रॅक पँटची नाडी उपसून काढली आणि एका हाताने पँट सावरत दुसऱ्या हाताने पॅराशूट बंद करायला लागला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी आभाळाकडे बघितलं.

हे हसण्यावारी चाललं असतं. पण त्या ढिगांपाशी एक जण हसत नव्हती. मीनल मॅडम.

मीनल मॅडम अंबडला हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. गेल्या सीझनपासून आमच्याकडे शिकत होत्या. विद्यार्थ्याचं एक कार्ड असतं, त्यावर एकेक कसब दाखवून सही घ्यायची. मॅडमच्या कार्डावर एकच जागा रिकामी होती. स्वतः बांधलेल्या पॅराशूटने उडी. मागे एकदा त्यांनी बांधलं होतं. वर उघडताना दोऱ्यांना पीळ पडला. शिकवल्याप्रमाणे पाय झाडून त्यांनी तो सोडवला, पण तेवढ्यात वाऱ्याने त्या भरकटल्या आणि कोणाच्या तरी मोसंबीच्या बागेत उतरल्या. लागलं काही नाही. मात्र त्यानंतर त्यांचा स्वतःच्या घडीवर भरवसा उरला नाही. मग त्या पहिल्या दोन घड्या घालायच्या आणि सुमनताई पुढे होऊन म्हणायच्या, द्या हिकडं. पुढचं सगळं सुमनताई करायच्या आणि मी सही करत नसे. असं वर्षभर चाललं.

कार्डाचं वर्ष नावनोंदणीपासून धरतात, मॅडमनी नाव सीझनच्या आधीच नोंदवलं होतं, आणि ते वर्ष त्या दिवशी संपत होतं. क्लबचा नियम आहे, कार्ड वर्षभरात पुरं झालं नाही तर पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात. पुन्हा सुरुवात मॅडमना परवडणारी नव्हती. सासूबाईंनी एक सीझन लेकराला सांभाळायचं कबूल केलं होतं, एकच. आज सूर्य मावळायच्या आत सही झाली नाही, तर आकाश बंद.

कॅप्टनसाहेबांना मी हळूच विचारून बघितलं, एखादा दिवस पुढे-मागे होईल का. ते म्हणाले, आज हिला सवलत दिली तर उद्या ट्रॅक पँटवाल्यालाही द्यावी लागेल. माणूस कडक आहे, पण त्यांचं चुकत नव्हतं.

मॅडम सुमनताईंपाशी जाऊन बसल्या. फक्त शेवटची घडी घाला म्हणाल्या, मी कोणाला सांगणार नाही. सुमनताईंच्या चेहऱ्यावर मी असलं धर्मसंकट आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात मांडीवरून उठले, पाटाकडे नजर गेली, आणि हात परत मांडीखाली गेले. त्या दोन्ही हातांवर बसल्याच.

“आज न्हाई जमायचं, मॅडम,” त्या खाली बघत म्हणाल्या. “पर तोंडानं सांगते की. तोंडाला कुठं सुट्टी हाय.”

असा तो वर्ग सुरू झाला. सतरंजीवर मीनल मॅडम आणि त्यांचं निळं-पिवळं पॅराशूट. एका बाजूला हात पाठीमागे बांधून मी. दुसऱ्या बाजूला हातांवर बसलेल्या सुमनताई.

आधी दोऱ्या बघायच्या. पिशवीपासून कापडापर्यंत सगळ्या मोकळ्या, एकीने दुसरीला ओलांडलेलं नको. मग पॅराशूट खांद्यावर घेऊन पुस्तकाच्या पानांसारखे कापडाचे पदर वेगळे करायचे. मग मागचा भाग पुढे आणून सगळ्याभोवती गुंडाळायचा. तयार होतो तो लांबट कोष. जालन्याच्या बाजारात रेशमाचे कोष येतात तसाच, फक्त माणसाएवढा. तो अलगद जमिनीवर ठेवायचा, हवा काढायची आणि पिशवीत भरायचा.

लिहायला सोपं आहे. कोष जमिनीवर ठेवला की त्यातली हवा एका बाजूने दाबावी तर दुसऱ्या बाजूने फुगते. नायलॉन हातातून माशासारखं सुटतं. मॅडमचा कोष दोनदा सुटला. एरवी पहिल्यांदा सुटतानाच सुमनताईंचे हात मध्ये आले असते. आज त्या जागेवर डुलत होत्या.

“मेजर, माझ्या हाताला मुंग्या येऊन राह्यल्या.”

मी म्हणालो, बसा तशाच.

तिसऱ्यांदा कोष सुटायला लागला तेव्हा सुमनताईंना राहवलं नाही. “मॅडम, हातानं धरू नका त्याला. गुडघे टेकवा दोन्हीकडून. लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालताना कसं धरता? तसं. निसटायला बघतंयच ते. तुमी घाबरायचं न्हाई.”

मॅडम थांबल्या. मग गुडघे टेकवून कोषावर अशा काही बसल्या की तो गपगार झाला. ही उपमा मला तीस वर्षांत सुचली नव्हती. फौजेत आम्हाला शिकवणाऱ्यांनी कधी लेकराला न्हाऊ घातलं नसावं.

पिशवी बंद झाली. नाडी म्हणून मॅडमनी स्वतःच्या बुटाची लेस वापरली आणि ती आठवणीने परत ओढून काढली. तोवर ऊन कलायला लागलं होतं. पुण्याची पोरं दुसरी फेरी मारून आली होती. ट्रॅक पँटवाल्याचं पॅराशूट उशिरा पण नीट उघडलं होतं, आणि तो स्वतःवर इतका खूष होता की पँट सांभाळायचं विसरला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मला आणि सुमनताईंना एक चूक दिसली होती.

मुख्य पॅराशूटच्या टोकाला पट्टीने बांधलेलं एक छोटं गोल पॅराशूट असतं, पायलट शूट. उडी मारणारा ते हाताने हवेत फेकतो, ते वारा धरतं आणि मोठ्याला ओढून बाहेर काढतं. काम झालं की ते आपोआप मिटतं, म्हणून बांधताना त्याची आतली दोरी ओढून त्याला पुन्हा तयार करावं लागतं. विसरलात तर ते वर गेल्यावर रिकाम्या कॅरीबॅगसारखं फडफडतं आणि काहीच ओढत नाही. मग रिझर्व्ह काढायची वेळ येते. तयार केलंय की नाही हे कळायला पट्टीवर एक बारीक खिडकी असते. खिडकीत निळा दोरा दिसला तर ठीक. मॅडमच्या खिडकीत निळं काही नव्हतं.

सुमनताई माझ्याकडे बघत होत्या. मी मानेनेच नाही म्हटलं. या पॅराशूटसह मी मॅडमना विमानाच्या दिशेने एक पाऊलही टाकू दिलं नसतं. पण ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला ते सांगायची घाई नव्हती.

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं. कॅप्टनसाहेबांनी दारातून ओरडून सांगितलं की पुढची फेरी निघते आहे, त्यानंतर एकच, शेवटची. मॅडमनी पॅराशूट उचललं. एक पट्टा खांद्यावर चढवला. दुसऱ्याला हात घातला आणि थबकल्या.

“थांबा. ताळा करायचा राहिला.”

मला आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, उत्तर आलं म्हणजे गणित सुटलं असं होत नाही सर, पोरांना मी ताळा केल्याशिवाय वही बंद करू देत नाही. खाली बसल्या आणि उलट्या दिशेने तपासायला लागल्या. शेवटच्या पायरीवरून पहिलीकडे. पिशवी बंद ठेवणारी पिन बघितली. पट्टी बोटांनी चाचपत मागे गेल्या. खिडकीपाशी बोट थांबलं.

मग वर बघून मला विचारलं, तुम्हाला दिसलं होतं? मी हो म्हणालो. सुमनताईंना? त्यांनी मान खाली घातली. आता ही बाई रागावणार किंवा रडणार असं मला वाटलं. त्यांनी पिन ओढली आणि सगळं पॅराशूट भळकन सतरंजीवर ओतलं. मी म्हटलं, अहो, अर्धंच उघडून दोरी ओढता आली असती. त्या म्हणाल्या, खोडून लिहिलेलं मला आवडत नाही.

ती फेरी मॅडमशिवाय गेली. मॅडम पुन्हा खांद्यावर पॅराशूट घेऊन पदर वेगळे करत होत्या. या खेपेला सुमनताईंनी तोंडालासुद्धा सुट्टी देऊन टाकली. कोष पहिल्या दमात बसला. निळा दोरा खिडकीत आला, तेव्हा मॅडमनी तो आम्हाला न दाखवता स्वतःशीच बघून घेतला. ताळाही आधीच करून झाला होता. मग मी पाठीमागे हात ठेवूनच सगळीकडून फिरून बघितलं आणि म्हणालो, जा.

शेवटच्या फेरीचं विमान चढत गेलं. आम्ही सगळे बाहेर आलो. लोक उडी बघायला मान वर करतात. मी उडी बघत नाही, उघडणं बघतो. विमानातून ठिपके सुटले. ते मोठे होत गेले. एकेक करून रंगीत कापडं उघडली. लाल. हिरवं. पांढरं. सुमनताई म्हणाल्या, मेजर, निळं-पिवळं कुठं दिसंना. मी म्हणालो, गप बसा. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिथे बोटं उमटली.

मग उघडलं. जरा डावीकडे वळलं, अर्धी गिरकी घेतली, आणि नाक सरळ करून ताठ उभं राहिलं. दोऱ्यांना एक पीळ नाही. सुमनताईंनी माझा हात सोडला आणि लगेच पंच झाल्या. “डाव्या अंगाला हवा ऱ्हायली व्हती जराशी. मंग वळनारच की.” आणि डोळ्याला पदर लावला.

मॅडमना पाय टेकून उतरायचं होतं. त्या बसून उतरल्या आणि घसरत पार कुंपणापर्यंत गेल्या. उठल्या, पाठीमागची माती झटकली, आणि पॅराशूट गोळा करून चालत आल्या. मी कार्ड मागितलं. पेन खिशातून काढताना मला एकदम शंका आली आणि मी सुमनताईंना विचारलं, सही चालते ना आज.

“सही म्हंजे काय काम हाय व्हय?” त्या म्हणाल्या. “हाफिसातले लोक सणावाराला तेवढंच करत्यात.”

कॅप्टनसाहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि स्वतःचीही सही ठोकली. सूर्य मोसंबीच्या झाडांवर टेकला होता. मॅडमनी घरी फोन लावला. सासूबाईंनी म्हणे एवढंच विचारलं, की आता रविवारी किती वाजता निघायचं असतं.

यानंतर साहेबांनी दर रविवारी पॅकिंगचा वर्ग सुरू केला. सुमनताईंना धास्ती होती, सगळे शिकले तर आम्ही काय करायचं. झालं ते असं. जे शिकले त्यांतल्या बऱ्याच जणांना ते काम किती कष्टाचं आहे हे कळलं, आणि ते आता पैसे देताना घासाघीस करत नाहीत. थोडे जण स्वतः बांधतात. मीनल मॅडम त्यांतल्याच. त्यांना अजून फार वेळ लागतो, कित्येकदा त्यांची फेरी चुकते, पण त्या पॅराशूट कोणाच्या हातात देत नाहीत.

वर्गाचा नियम मी एकच केला. शिकवणाऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. इतक्या वर्षांत आम्ही कितीतरी जणांना पॅकिंग येऊ दिलं नाही, निव्वळ मदत करून करून. मी हात पाठीमागे बांधून शिकवतो. सुमनताईंना ते जमत नाही, त्यांचे हात सुटतात. म्हणून त्या दोन्ही हातांत चहाचे भरलेले कप धरून सतरंजीपाशी उभ्या राहतात. चहा दर वेळी थंड होतो. विद्यार्थी तयार होतात.